उत्तर कॅनडातलं टेंडर भरण्याआधी

थंडी पडायला लागली की एडमंटन-कॅलगरीतल्या कुणा ना कुणा मराठी इंजिनिअरचा मला फोन येतो. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधलं किंवा नुनावुतमधलं एखादं टेंडर निघालेलं असतं. कधी बंद पडलेल्या खाणीची सफाई, कधी तलावांच्या पाण्याची देखरेख, कधी डिझेलवर चालणाऱ्या गावासाठी सौरऊर्जा. प्रस्तावात मूलनिवासी समुदायांच्या सहभागाचं एक प्रकरण लिहायचं असतं आणि मुदत तीन आठवड्यांवर आलेली असते. "ताई, त्यात काय लिहू?" एवढाच प्रश्न असतो.

मी पाण्यातल्या धातूंचं काम करते. शिकले पुण्यात, घर एडमंटनला, आणि नोकरीतला बराच काळ साठाव्या अक्षांशाच्या वर नमुने गोळा करण्यात आणि गावांच्या सभागृहांत बसण्यात गेला. फोनवर हे सगळं धड सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ते प्रकरण सगळ्यात शेवटी लिहा. आधी प्रस्तावाचं वेळापत्रक आणि अंदाजपत्रक उघडा. त्यात गावासाठी किती महिने आणि किती पैसे ठेवलेत ते बघा. गावातले लोकही तेच बघतात. तिथे काही नसेल, तर प्रकरणात कितीही सुंदर वाक्यं लिहिली तरी त्यांना काडीची किंमत नाही.

जमीन कुणाची, हे नकाशावर शोधा

टेंडरमध्ये "स्थानिक समुदाय" असं मोघम लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तुमची गाठ सरकारांशी आहे. नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी येलोनाइफ. तिच्या आसपासची भूमी येलोनाइव्ह्ज डेने फर्स्ट नेशनची (फर्स्ट नेशन म्हणजे स्वतःचे प्रमुख आणि परिषद असलेला मूलनिवासी समुदाय), त्यांची गावं डेट्टा आणि न्डिलो. वायव्येला त्लिचो सरकार आहे. २००५ पासून अमलात आलेल्या करारानुसार सुमारे ३९,००० चौरस किलोमीटर जमीन त्यांच्या मालकीची आहे, आणि जमिनीखालचं खनिजही. ग्रेट स्लेव्ह तलावाच्या पूर्वेच्या टोकाला लुत्सेल के हे डेने गाव. त्याही पलीकडे नुनावुत, जिथे १९९३ च्या कराराने इनुइट लोकांचे हक्क ठरले आणि १९९९ मध्ये वेगळा प्रदेश झाला. प्रत्येकाचं जमीन खातं वेगळं, नियम वेगळे, पत्र कुणाच्या नावाने द्यायचं ते वेगळं. शिवाय एकाच तलावावर अनेकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर असतो. लाक द ग्रा तलावापाशी हिऱ्यांच्या खाणी आहेत, तिथे त्लिचो, येलोनाइव्ह्ज डेने, लुत्सेल के, नॉर्थ स्लेव्ह मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचा समुदाय) आणि किटिकमिओट इनुइट अशा पाच पक्षांशी बोलावं लागतं. एकाशी बोलून बाकीच्यांना गृहीत धरलं की काम तिथेच अडकतं.

कायद्याचं थोडक्यात. १९८२ च्या संविधान कायद्यातल्या कलम ३५ ने मूलनिवासींच्या हक्कांना संरक्षण दिलं. २००४ च्या हैदा निकालात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सल्लामसलतीची जबाबदारी सरकारची आहे, पण माहिती देणं, बैठका घेणं, असा तिच्यातला कार्यपद्धतीचा भाग सरकार कंपनीवर सोपवू शकतं. म्हणजे तुमची बैठक कच्ची राहिली तर त्यावर उभा असलेला परवानाही कच्चा राहतो.

हे किती खरं आहे ते २०१७ च्या क्लाइड रिव्हर निकालात दिसतं. बॅफिन बेटावरचं हे छोटं इनुइट गाव. समुद्रात तेलाच्या शोधासाठी आवाजाच्या लाटा सोडून सर्वेक्षण करायचं होतं. गावाने विचारलं, नार्व्हल, व्हेल आणि सील यांच्यावर काय परिणाम होईल? ज्यांना सर्वेक्षण करायचं होतं त्यांनी उत्तरादाखल ३,९२६ पानांचं दस्तऐवज दिलं आणि ते नियामक मंडळाच्या संकेतस्थळावर टाकलं गेलं. नुनावुतचं इंटरनेट इतकं हळू की गावच्या माजी महापौरांना ते उतरवून घेता आलं नाही. इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे इनुइटांच्या भाषेत, त्यातला फारच थोडा भाग आला होता. सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्याची दखल घेतली आणि परवानगी रद्द केली. उत्तरेत काम करणाऱ्या प्रत्येक कंपनीत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हा निकाल वाचायला द्यावा असं मला मनापासून वाटतं. तो फार लांबही नाही.

जायंट खाण समजून घेतल्याशिवाय येलोनाइफला जाऊ नका

हा भाग मी लांबवणार आहे, कारण सफाईचं काम घेणाऱ्या कंपन्या इथेच सगळ्यात जास्त घाई करतात.

येलोनाइफच्या वेशीवर १९४८ ते २००४ अशी सोन्याची जायंट खाण चालली. तिथलं सोनं आर्सेनिक असलेल्या खनिजात अडकलेलं. ते भाजल्याशिवाय सोनं सुटत नसे आणि भाजलं की आर्सेनिक ट्रायऑक्साइडची धूळ चिमणीतून बाहेर पडे. सुरुवातीच्या वर्षांत ती अडवायची सोयच नव्हती. रोज काही हजार किलो धूळ आसपासच्या बर्फावर, तलावांवर, बोरांच्या झुडपांवर बसत होती. डेने कुटुंबं हिवाळ्यात बर्फ वितळवून पाणी प्यायची. १९५१ मध्ये आजच्या न्डिलोच्या जागी एक लहान मूल त्या विषाने दगावलं. कुटुंबाला भरपाई मिळाली ७५० डॉलर.

पुढे धूळ पकडायची यंत्रणा बसली आणि पकडलेली धूळ खाणीतल्या पोकळ्यांमध्ये भरत गेले. आज तिथे २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड आहे. १९९९ मध्ये त्या वेळची मालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ही सगळी धूळ सरकारच्या, म्हणजे जनतेच्या गळ्यात पडली. आता भोवतालचा खडक थंड करून ती धूळ कायमची गोठवून ठेवण्याची योजना आहे. खर्चाचा २०२२ चा अंदाज ४.३८ अब्ज डॉलर.

सरकारची मूळ योजना होती तशी मंजूर झाली नाही. येलोनाइफ शहराने २००८ मध्ये प्रकल्प पर्यावरण मूल्यांकनाकडे पाठवला. पुढची काही वर्षं येलोनाइव्ह्ज डेने, शहर आणि स्थानिक संघटना सुनावण्यांमध्ये एकच गोष्ट सांगत राहिल्या: "कायमचं" गोठवून ठेवायचं म्हणता, तर त्याच्यावर कायमची नजर कोण ठेवणार? २०१३ मध्ये मॅकेन्झी व्हॅलीच्या मूल्यांकन मंडळाने प्रकल्पाला शंभर वर्षांची मर्यादा घालण्याची शिफारस केली, त्या काळात कायमस्वरूपी उपाय शोधत राहायला सांगितलं आणि स्वतंत्र देखरेख मंडळ मागितलं. २०१५ च्या करारातून ते मंडळ उभं राहिलं. प्रकल्प यामुळे अधिक भक्कम झाला, हे मी इंजिनिअर म्हणून सांगते आहे. तांत्रिक अहवालांत जो प्रश्न नीट विचारला गेला नव्हता तो गावाने विचारला.

तुम्ही माती तपासायला गेलात, अंगावर पांढरा संरक्षक सूट आणि तोंडाला मास्क, तर गावातल्या माणसाच्या मनात हा सगळा इतिहास जागा होतो. "आमची मुलं इथे खेळतात आणि तुम्ही मास्क लावून येता?" हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला आहे. तेव्हा सूट का घातला आहे, तो नियमाचा भाग आहे की खरोखर धोका आहे, हे काम सुरू होण्याआधी गावात जाऊन सांगा. शक्य असेल तर आदल्या दिवशी उपकरणं सभागृहात मांडून ठेवा, लोकांना हाताळू द्या.

पत्र कधी आणि कुणाला

पहिलं पत्र प्रस्ताव लिहायला घेण्याच्या आधी जायला हवं. पत्र फर्स्ट नेशनच्या प्रमुखांना आणि परिषदेला, प्रत जमीन खात्याला. ओळखीच्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला गाठून "तुमचा पाठिंबा आहे ना?" असं विचारणं अगदी चुकीचं. त्याने त्या माणसाची गावात पंचाईत होते आणि तुमच्या हाती काहीच येत नाही.

पत्रात योजना तयार करून पाठवू नका. "या तलावाबद्दल असं टेंडर निघालं आहे, आम्ही ते भरायचा विचार करतो आहोत, यात तुम्हाला काय तपासलेलं हवं आहे?" एवढं पुरे. उत्तर यायला वेळ लागतो. एका छोट्या जमीन खात्यात दोन-तीन माणसं असतात आणि त्यांच्या टेबलावर खाण कंपन्या, विद्यापीठं, सरकारी विभाग अशा सगळ्यांची पत्रं साचलेली असतात. त्यांनी तुमचा अहवाल वाचावा अशी अपेक्षा असेल तर वाचणाऱ्याच्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकात धरा. त्यांना स्वतःचा तांत्रिक सल्लागार नेमायचा असेल तर त्याचेही. तो सल्लागार तुमच्या अहवालातल्या चुका काढील. त्यासाठीच तो हवा.

परवान्यांचंही आत्ताच बघून घ्या. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये संशोधनासाठी ऑरोरा रिसर्च इन्स्टिट्यूटकडून परवाना लागतो आणि तो देण्याआधी संबंधित समुदायांना विचारलं जातं. नुनावुतमध्ये हे काम नुनावुत रिसर्च इन्स्टिट्यूट बघते.

वेळापत्रक गावाच्या वर्षाप्रमाणे आखा. वसंतात बर्फ फुटतो आणि शरदात पाणी गोठतं, त्या दोन काळांत बऱ्याच ठिकाणी ना होडी चालते ना स्नोमोबील. वसंतात बदकं-हंसांची शिकार, उन्हाळ्याच्या अखेरीस बोरं आणि पुढे शरदातली शिकार. या दिवसांत गावातले ज्यांच्याशी बोलायला हवं तेच लोक रानात असतात. डेट्टाला हिवाळ्यात गोठलेल्या खाडीवरून साडेसहा किलोमीटरच्या बर्फरस्त्याने जाता येतं, एरवी जमिनीवरून सत्तावीस किलोमीटरचा वळसा. विमानानेच पोहोचता येणाऱ्या गावांत हवा बिघडली की दोन-दोन दिवस अडकून पडावं लागतं, ते दिवसही हिशोबात हवेत. आणि गावात मृत्यू झाला तर सभा रद्द होते, सगळं गाव त्या घराबरोबर असतं. अशा वेळी तारीख पुढे ढकलायची, तिकिटाचा विषय काढायचा नाही, आणि काही मदत हवी आहे का ते विचारायचं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात परकं काही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हटलं ते याच भूमिकेतून. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. बाहेरच्या माणसाने ग्रामसभेपुढे येऊन आपलं काम काय आहे ते सांगावं, ही तिथली रीत आपल्याला रास्त वाटत असेल, तर डेट्टात ती जाचक का वाटावी?

सभा

सभागृहात खुर्च्या अर्धवर्तुळात मांडा, ज्येष्ठ मंडळी पुढे. चहाचं मोठं भांडं आणि जेवण आधीपासून तयार हवं आणि ते गावातल्याच कुणाकडून करून घ्या: माशाचं सूप, बॅनक नावाची जाड भाकरी, मिळालं तर कॅरिबूचं, म्हणजे तिथल्या रानटी रेनडिअरचं, सुकं मांस. सुरुवात प्रार्थनेने होते, काही ठिकाणी ढोलाच्या गजरात. बाहेर अग्नीला तंबाखू आणि अन्न अर्पण करायचं असेल तर तुम्हाला बोलावतील. बोलावलं की जा, टोपी काढा, फोन खिशात ठेवा. फोटो विचारल्याशिवाय नाहीच.

दुभाषी ही त्या खोलीतली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये अकरा अधिकृत भाषा आहेत, त्यांतल्या नऊ मूलनिवासी. दुभाष्याला स्लाइड्स आठवडाभर आधी द्या, त्याच्याबरोबर अर्धा दिवस बसा आणि त्या अर्ध्या दिवसाचेही पैसे द्या. स्लाइड्स म्हणजे तरी किती? माझा नियम आहे, दहाच्या वर नाहीत, आणि त्यांतले निम्मे नकाशे आणि फोटो.

तुम्ही आर्सेनिकचे आकडे सांगाल, लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे म्हणाल. मग मागच्या रांगेतून एक आजी विचारतील: "मासा खाऊ का?" कुठल्या खाडीतला, आठवड्यातून किती वेळा, नातवाला किती, कलिजा खायचा की टाकायचा? या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असं कुणी तुमच्या टेबलावर नसेल तर सभा व्यर्थ गेली. म्हणून प्रदेशाच्या आरोग्य विभागातला माणूस बरोबर न्या. त्याच्या येण्याची तारीख आधी पक्की करा आणि मग सभेची.

नकाशा पडद्यावर दाखवून थांबू नका, छापून टेबलावर पसरा, शेजारी पेन्सिली ठेवा. एका सभेत मी नमुने घ्यायच्या जागा मांडल्या होत्या. चहाच्या सुट्टीत एक आजोबा आले, चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग दोन तलावांना जोडणाऱ्या ओढ्यावर त्यांनी पेन्सिलीने उलटा बाण काढला. बर्फ वितळताना मोठ्या तलावाचं पाणी चढतं आणि काही दिवस हा ओढा उलटा वाहतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या वडिलांची जाळी तिथेच लागायची. उपग्रहाच्या चित्रांत हे दिसणं शक्यच नव्हतं, ती उन्हाळ्यातली होती. त्या बाणामुळे वरच्या तलावातही एक जागा वाढवली आणि पुढच्या वसंतात आम्ही तिथे बर्फ फुटताना नमुने घेतले.

कुणी बोलत असताना मध्ये तोडू नये, हे आपल्याला माहीत असतं. पण इथे बोलणारा थांबल्यावरही आपण थोडं थांबायचं असतं. शांतता झाली म्हणजे बोलून झालं असं नाही. ज्येष्ठ व्यक्ती एका प्रश्नाच्या उत्तरात आपल्या आजीच्या छावणीपासून सुरुवात करील आणि उत्तर शेवटी, बाजूने येईल. कार्यक्रमपत्रिकेत यासाठी जागा सोडा.

मानधन त्याच दिवशी, पाकिटात, रोख. "इनव्हॉइस पाठवा, ४५ दिवसांत पैसे" हे ज्येष्ठांना सांगणं अपमानकारक आहे. तुमच्या लेखा विभागाशी हे भांडण ऑफिसमध्येच मिटवून या. आणि हजेरीच्या कागदावरच्या सह्या म्हणजे संमती नव्हे. एका मोठ्या कंपनीसाठी उपकंत्राटदार म्हणून काम करताना मी पाहिलं, की जेवायला आलेल्या लोकांच्या सह्या अहवालात "समुदायाचा पाठिंबा" या मथळ्याखाली जोडल्या गेल्या. मी लेखी हरकत घेतली आणि ती पानं काढून टाकेपर्यंत अहवालावर माझं नाव घालू दिलं नाही. तुमच्यावरही ही वेळ येऊ शकते, तेव्हा हरकत लेखीच घ्या.

बैठका कशा घ्याव्यात याचा उत्तरेतला मोठा दाखला न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांच्या चौकशीचा. मॅकेन्झी खोऱ्यातून वायुवाहिनी न्यायची का, यासाठी १९७४ ते १९७७ या काळात ते ३५ गावांत गेले, लोकांचं त्यांच्या भाषेत ऐकलं, आणि बाजू मांडता यावी म्हणून मूलनिवासी संघटनांना पैसे मिळवून दिले. शेवटी खोऱ्यात दहा वर्षं वाहिनी नको, अशी शिफारस केली.

ज्ञान आणि त्याची मालकी

लाक द ग्रा तलावावर डायव्हिक हिरे खाणीच्या देखरेखीचा भाग म्हणून पाचही समुदायांतल्या ज्येष्ठांची आणि तरुणांची तलावकाठी छावणी भरवत. ते जाळी लावून मासे पकडत, चिरत, कलिजा, कल्ले, मांसाचा रंग आणि घट्टपणा बघत, शिजवून खात आणि आपला निकाल देत. पाण्याची परीक्षा चहाने. तलावाचं पाणी उकळून चहा करायचा आणि वर साय किंवा फेसाचा थर धरतो का, चव कशी लागते ते बघायचं. शेजारी शास्त्रज्ञ त्याच माशांचे नमुने प्रयोगशाळेसाठी घेत. दोन्ही निरीक्षणं अहवालात आपापल्या जागी, एकीने दुसरीवर शिक्का मारायची गरज नाही.

त्लिचो सरकारने २०१६ पासून कॅरिबूंसाठी असंच स्वतःचं काम उभं केलं. शिकारी, ज्येष्ठ आणि तरुण उन्हाळ्यात गवताळ टुंड्रात मुक्काम करतात, पायी हिंडतात, कळप कसा चालतो, पिल्लं किती, लांडगे किती, झुडपं कशी वाढली ते टिपतात. बाथर्स्ट नावाचा कॅरिबूंचा कळप १९८६ मध्ये चार लाखांहून अधिक होता. २०१८ मध्ये सुमारे ८,२०० राहिला. लोकांनी स्वतःची शिकार थांबवली आहे. अशा जागी रस्त्याचा किंवा खाणीचा परिणाम मोजायला जाणाऱ्याने हे दुःख ओळखून बोलावं.

ही माहिती कुणाची? कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी १९९८ मध्ये यासाठी चार तत्त्वं मांडली: मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा. 'ओकॅप' या नावाने ती ओळखली जातात. तुमच्या करारात हे साध्या भाषेत उतरवा. ध्वनिमुद्रणं आणि नकाशे समुदायाच्या मालकीचे. कंपनीला ते एका ठरलेल्या कामापुरते वापरता येतील. छापण्याआधी समुदाय वाचेल, हवं ते काढून टाकेल, आणि दिलेली माहिती परत मागू शकेल. थडगी, पवित्र जागा, माशांच्या विणीच्या जागा सार्वजनिक नकाशावर येणार नाहीत. तुमच्या कंपनीचा छापील करारनामा बहुधा याच्या उलट असतो, "सर्व कामाची मालकी ग्राहकाची" असं त्यात लिहिलेलं असतं. ते कलम वकिलाकडून आधीच बदलून घ्या. गाव सही करायला बसल्यावर हे निघालं तर विश्वास परत जोडायला फार वेळ लागतो.

पैसा कुठे जातो

नावापुरती भागीदारी उत्तरेत सगळेजण ओळखतात. टेंडरमध्ये मूलनिवासी कंपनीला गुण मिळतात म्हणून कागदावर ५१ टक्के त्यांचे दाखवायचे, आणि काम, पगार, नफा सगळं दक्षिणेत न्यायचं. असल्या प्रस्तावावर सही करू नका. त्याऐवजी समुदायाच्या स्वतःच्या कंपनीशी बोला. येलोनाइव्ह्ज डेनेंची डेटॉन चो ही एक. त्यांना कोणतं काम शिकून घ्यायचं आहे ते विचारा. अस्वलांवर नजर ठेवणारा आणि छावणीतला स्वयंपाकी एवढ्याच जागा गावासाठी ठेवणं पुरेसं नाही. नमुने घेणारे, ड्रिल चालवणारे, माहिती तपासणारे, पुढे प्रकल्प सांभाळणारे, अशी चढती वाट दाखवा, आणि तुमच्या तंत्रज्ञाला जो दर तोच त्यांना.

मालकी कशी असू शकते ते युकॉनमधल्या ओल्ड क्रोमध्ये पाहावं. आर्क्टिक वर्तुळाच्या वरचं, रस्ता नसलेलं वुंटुट ग्विचिन फर्स्ट नेशनचं गाव. विजेसाठीचं डिझेलसुद्धा विमानाने यायचं. २०२१ मध्ये तिथे ९४० किलोवॉटचा सौर प्रकल्प पूर्ण झाला. पॅनेल पूर्व-पश्चिम तोंड करून बसवलेत, कारण उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, दिवसभर भोवती फिरत राहतो. वर्षाला सुमारे १,८९,००० लिटर डिझेल वाचेल असा हिशोब. प्रकल्प फर्स्ट नेशनच्या मालकीचा आणि वीज कंपनी त्यांच्याकडून वीज विकत घेते. उत्तर अल्बर्टातल्या फोर्ट चिपेवायनलाही दोन फर्स्ट नेशन्स आणि मेटी समुदायाने मिळून कंपनी काढली आणि सौर प्रकल्प उभा केला.

हरित काम आहे म्हणून कुणी अडवणार नाही, अशी समजूत असेल तर नॉर्वेतलं फोसेन बघा. पवनचक्क्या स्वच्छ विजेसाठीच होत्या, १५१ उभ्या राहिल्या. तिथल्या मूलनिवासी सामी पशुपालकांनी सांगितलं होतं की हिवाळ्यात रेनडिअर तिथे चरतात आणि चक्क्यांजवळ ते फिरकणार नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की परवाने सामींच्या हक्कांचा भंग करतात. तोवर चक्क्या फिरत होत्या. २०२३ मध्ये तरुण सामींनी ओस्लोत मंत्रालयाच्या दारात ठिय्या दिला आणि समझोते व्हायला मार्च २०२४ उजाडलं.

नकार आणि वाईट बातमी

"नाही" हे उत्तर मिळू शकतं. कधी ते "आत्ता नाही", कधी "या खाडीत नाही" असतं. करारात आधीच लिहून ठेवा की समुदायाने नको म्हटलं तर त्या ठिकाणचं काम थांबेल आणि तोवरच्या त्यांच्या वेळेचे पैसे दिले जातील. वरिष्ठांना हे पटवणं तुमचं काम. २०२१ मध्ये कॅनडाने मूलनिवासींच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा कायद्यात आणला आहे आणि त्यात मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती मध्यभागी आहे, एवढं त्यांना सांगता येईल.

वाईट बातमी आधी गावाला सांगा. उत्तर अल्बर्टात मे २०२२ मध्ये तेलवाळूच्या, म्हणजे तेल मिसळलेल्या वाळूच्या, एका खाणीजवळ गाळाच्या तळ्यातून झिरपलेलं पाणी दिसलं होतं. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या, तिथेच शिकार करणाऱ्या लोकांना त्याचं खरं स्वरूप कळलं फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणखी मोठी गळती झाल्यावर. मधल्या काळात त्यांनी त्या भागातलं खाल्लं होतं. तुमच्या करारात यासाठी तासांत मोजलेली मुदत हवी: प्रयोगशाळेचा आकडा मर्यादेबाहेर आला की २४ तासांत जमीन खात्याला फोन, कुणाला करायचा त्याचं पद आणि नंबर परिशिष्टात. ग्राहकाची परवानगी येईपर्यंत थांबण्याचं कलम असेल तर ते काढून टाका किंवा काम सोडा.

आणि शेवटचं, जे बहुतेक अंदाजपत्रकांत नसतं. निकाल घेऊन गावात परत जायचं असतं. दोन पानी साधा कागद, मोठ्या अक्षरांत, नकाशासह, आणि ज्यांनी जागा दाखवल्या, जाळी लावली त्यांच्यासमोर बसून. प्रयोगशाळेचे निकाल यायला आणि तपासायला महिने लागतात, तोवर करार संपलेला असतो आणि त्या फेरीचे पैसे मग कुठूनही मिळत नाहीत. म्हणून विमान, मुक्काम, दुभाषी, जेवण आणि मानधन यांची ती ओळ आत्ताच, टेंडर भरताना टाका. ग्राहकाने खर्च कमी करायला सांगितला तर हेलिकॉप्टरचे तास कमी करता येतात का ते आधी बघा.